व्हिसावर पत्नीची जन्मतारीख चुकली, तर काय करावे?

ट्रान्सपोर्टवरून मालाची गठाण सोडवताना आपण काय करतो? बिल्टीवरचा नंबर गठाणीवरच्या नंबराशी ताडून पाहतो, शिवण उसवलेली नाही ना ते बघतो, बिलाप्रमाणे थान मोजतो आणि मगच पावतीवर सही करतो. गांधीबागेत तीस वर्षे कापडाचा धंदा करताना ही सवय आमच्या अंगात मुरली आहे. सही दिल्यावर दोन थान कमी निघाले तर सुरतेचा व्यापारी विचारतो, "शेठजी, माल बरोबर मिळाल्याची सही कोणाची आहे?" आणि त्याचे म्हणणे बरोबर असते.

पाच-पन्नास हजारांच्या मालासाठी एवढी खबरदारी घेणारे आम्ही, सुनेच्या व्हिसाचा कागद आला तेव्हा तिचा फोटो आणि नाव पाहून खूश झालो आणि तिकीट काढून मोकळे झालो. पुढे जे झाले ते वाचकांच्या कामी येईल म्हणून ही हकीकत देत आहोत. नागपूर, कामठी आणि एकूणच विदर्भातून आपली मुले शिंपीकाम, एसी दुरुस्ती, हिशेबनिशी अशा कामांसाठी आखातात जात आली आहेत. आता काही संगणकाच्या कामासाठी अमेरिका-इंग्लंडलाही जातात. मुलाचा व्हिसा कंपनी पाहते. पत्नीचा व्हिसा मात्र घरच्यांनाच पाहावा लागतो, आणि चुका बहुधा तेथेच होतात.

आमचा मुलगा दुबईत हिशेबाच्या कामावर आहे. २०२३ च्या जानेवारीत कामठीला त्याचा निकाह झाला. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने पत्नीला बोलावण्याचा अर्ज केला. तेथे पगार चार हजार दिरहम असेल, किंवा तीन हजार आणि राहण्याची जागा असेल, तर पत्नीला आपल्या जबाबदारीवर बोलावता येते. अर्ज मंजूर झाला की प्रवेश परवाना येतो. तो साठ दिवस चालतो, तेवढ्यात पत्नीने तेथे पोहोचायचे. पोहोचल्यावर आणखी साठ दिवसांत वैद्यकीय तपासणी, ओळखपत्र आणि निवासाचा परवाना ही कामे पुरी करायची. पूर्वी निवासाचा शिक्का पासपोर्टवर चिकटवला जाई. २०२२ पासून तो बंद झाला आणि ओळखपत्रच निवासाचा पुरावा ठरले.

परवाना बुधवारी मोबाईलवर आला. आम्ही तो दुकानातच उघडला. फोटो सुनेचा, नाव सुनेचे. शनिवारी रात्रीचे मुंबई-दुबई विमान ठरवले, त्याच्या आदल्या रात्रीचे नागपूर-मुंबई रेल्वे तिकीटही घेतले. रात्री जेवणानंतर सुनेने कागद हातात घेतला, पासपोर्ट शेजारी ठेवला आणि म्हणाली, "अब्बा, ह्या कागदावर तर मी एप्रिलात जन्मलेली आहे."

तिचा जन्म ४ सप्टेंबरचा. कागदावर ९ एप्रिल छापले होते.

कोणी म्हणाले, काही होत नाही, नाव आणि फोटो जुळतो ना, जाऊ द्या. ज्याच्यामार्फत तिकीट काढले त्यानेही हेच सांगितले. परंतु आमचे एक जुने ओळखीचे गृहस्थ विमान कंपनीच्या नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी समजावून सांगितले की, प्रवाशाला उतरलेल्या देशात प्रवेश नाकारला गेला तर त्याला परत आणण्याचा बोजा विमान कंपनीवर पडतो, म्हणून काउंटरवरचा माणूस पासपोर्ट आणि व्हिसा ओळीने ताडून पाहतो. तारीख जुळली नाही तर तो मुंबईलाच थांबवील. आणि तेथून निसटलात तर दुबईच्या विमानतळावर एकटी मुलगी थांबवली जाईल. ही शेवटची गोष्ट ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी तिकिटाच्या पैशांचा विषयच संपवला.

तिकीट रद्द केले. अकरा हजारांच्या आसपास गेले. मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच टायपिंग सेंटरवर गेला, जेथून अर्ज भरला होता. आमची खात्री होती की चूक तेथल्याच माणसाची. त्याने जुना अर्ज काढला, आणि त्याला जोडलेली एक चिठ्ठी मुलाला दाखवली. चिठ्ठी आमच्या हातची होती!

झाले असे की, पासपोर्टच्या प्रतीचा खालचा भाग काळपट आला होता, म्हणून सुनेचा तपशील आम्ही वेगळ्या कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला होता. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. आजही घाईत तारीख लिहिताना हात उजवीकडून सुरू होतो: उजवीकडे दिवस, त्याच्या डावीकडे महिना. साल आम्ही खालच्या ओळीत लिहिले होते. डावीकडून वाचणाऱ्या टायपिस्टला ९-४ दिसले आणि त्याने ९ एप्रिल टाइप केले. मुलाने फोनवर हे सांगितले तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइके बसली होती. आम्ही त्यांना थान दाखवण्यात बराच वेळ गुंतून राहिलो.

दुरुस्त कागद नऊ दिवसांनी आला. त्यात एक गोष्ट कळली की, व्हिसातील चूक ज्या खात्याने कागद दिला तेच दुरुस्त करू शकते, आणि ती मागणी ज्याच्या नावाने अर्ज झाला त्यानेच, म्हणजे पतीने करायची. दुबईत ते काम तेथील निवास खात्याच्या आमेर केंद्रांमार्फत होते. नागपुरातील एजंट त्यात फारसे काही करू शकत नाही. तो 'वरून करून देतो' म्हणाला तर त्याला विचारावे की, वर म्हणजे कोठे? आणि पती तेथे असताना येथून पैसे देण्याचे कारण काय?

काही लोक त्याहून भयंकर सल्ला देतात. पेनाने आकडा सरळ करा, किंवा संगणकावर तारीख बदलून नवीन छपाई काढा. असे चुकूनही करू नये. परवान्याची खरी नोंद तेथल्या संगणकात असते, कागद नुसती नक्कल. बदललेली नक्कल दाखवणे म्हणजे बनावट कागद वापरणे. पासपोर्टच्या पानावर खाडाखोड केली तर आपल्याकडील १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या १२ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. टायपिस्टची चूक माफ होते. ती झाकण्यासाठी आपण केलेली लबाडी माफ होत नाही.

आता कागद आल्यावर काय काय पाहायचे ते सांगतो. पासपोर्ट उघडून शेजारी ठेवावा आणि दोन माणसांनी पाहावे: एकाने वाचावे, दुसऱ्याने बोट ठेवावे. जिचा कागद आहे तिला तर अवश्य बसवावे, कारण आपली तारीख तिच्याइतकी कोणाच्या ध्यानात असणार? पासपोर्टचा नंबर म्हणजे एक अक्षर आणि सात आकडे, ते एकेक करून वाचावेत. निकाहानंतर पासपोर्ट नवा काढला असेल तर येथे विशेष लक्ष द्यावे. पुष्कळदा मुलाकडे जुन्या पासपोर्टची प्रत पडलेली असते, अर्ज तिच्यावरूनच भरला जातो आणि परवाना जुन्या नंबरावर येतो. त्यानंतर जन्मतारीख, स्त्री की पुरुष, राष्ट्रीयत्व, पतीचे नाव, नाते. पत्नीच्या जागी बहीण छापलेले आम्ही स्वतः पाहिले आहे. शेवटी व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. निवासाचे पैसे घेऊन भेटीचा व्हिसा हातात देणारे महाभाग आहेत, आणि दोन्ही कागद अनोळखी डोळ्यांना सारखेच दिसतात.

अरबी बाजूही वाचावी. येथे आपल्या उर्दू शाळेचा उपयोग होतो. इंग्रजीत झेड हे एकच अक्षर आहे. त्याच्या जागी अरबीत ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ोय अशी चार अक्षरे येऊ शकतात. टायपिस्ट इंग्रजी पाहून त्यांतले कोणतेही एक टाकतो. नज़ीर हे नाव ज़ालने लिहिले तर त्याचा अर्थ सावध करणारा, ज़ोयने लिहिले तर तोडीस तोड. माणूस एक आणि नावे दोन झाली. स, ह आणि त यांचेही असेच आहे. निकाहाच्या दाखल्याचे अरबी भाषांतर तेथे द्यावे लागते. त्यातील अक्षर आणि परवान्यातील अक्षर वेगळे राहू नये म्हणून पतीने अर्ज भरतानाच पत्नीचे आणि तिच्या वडिलांचे नाव अरबी अक्षरांत स्वच्छ लिहून टायपिस्टच्या हाती द्यावे. चिठ्ठी लिहिण्यास आमची हरकत नाही. तारखेत महिना अक्षरी लिहावा, एवढेच!

पण तारखेची चूक तशी सोपी. ती एका कागदावर झाली आणि त्याच कागदावर सुधारली. खरे दुखणे नावाचे आहे, आणि ते व्हिसाच्या कितीतरी आधी आपल्याच घरात सुरू होते.

आपल्या मुलींची नावे किती ठिकाणी किती तऱ्हांनी लिहिली जातात ते पाहा. महानगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर मराठीत रजिया किंवा रझिया. त्यावरून कोणी इंग्रजी केले की जे येतो, नाही तर झेड आणि एच दोन्ही येतात. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. आधार कार्डावर कोणी शेख लिहिले तर त्यात एच-ए-आय, कोठे एच-ई-आय, कोठे नुसता ई. वडिलांच्या मोहम्मदचे मो. होते, इंग्रजीत एम-ओ-एच-डी होते. निकाहनाम्यात काझी साहेब घरचे म्हणतात तसे लिहितात: परवीनच्या जागी बेगम, किंवा नावापुढे नुसते बी. आपल्या मोहल्ल्यात यामुळे काही अडत नाही. सगळे ओळखतात. परदेशी खिडकीवर बसलेला माणूस मात्र अक्षरे ओळखतो, आणि त्याच्या दृष्टीने रजिया बी आणि रझिया परवीन ह्या दोन बायका आहेत.

कामठीचे एक एसी मेकॅनिक आमच्या ओळखीचे आहेत. त्यांच्या पत्नीचे नाव पासपोर्टवर एक आणि विवाहाच्या दाखल्यावर दुसरे होते. फरक दोनच अक्षरांचा. त्यांनी दाखल्यावर सगळे शिक्के घेतले. आखातातील अमिरातीसाठी ही साखळी लांब आहे: आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्या देशाच्या वकिलातीचा, आणि तेथे गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. चौथ्या ठिकाणी अक्षरांचा फरक निघाला. शिक्के मारलेल्या दाखल्यात दुरुस्ती होत नाही. दुरुस्त दाखला नव्याने घ्यायचा आणि तिन्ही शिक्के पुन्हा. त्या कुटुंबाचे पैसे तर गेलेच, पण पाच महिने गेले, आणि तोवर मुलीने वडिलांना मोबाईलवरच चालायला शिकून दाखवले. म्हणून आम्ही म्हणतो की, पहिला शिक्का मारण्याआधी पासपोर्ट आणि विवाहाचा दाखला शेजारी ठेवून एकेक अक्षर वाचावे.

जे देश शिक्क्यांच्या एकाच आंतरराष्ट्रीय करारात आहेत, त्यांच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल पुरते, वकिलातीत जावे लागत नाही. भारत त्यात २००५ साली आला, ओमान २०१२ ला, बहरीन २०१३ ला आणि सौदी अरेबिया २०२२ च्या डिसेंबरात.

विवाहाच्या दाखल्याविषयी आपल्यात अजून गैरसमज आहे. निकाहनामा हा निकाहाचा पुरावा आहेच. परंतु परदेशी कामासाठी सरकारी नोंदीचा दाखला जवळ असावा. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा विवाह नोंदणीचा कायदा आहे. नागपुरात महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात ही नोंद होते: आमच्या भागातील लोक गांधीबाग किंवा सतरंजीपुरा झोनमध्ये जातात. तीन साक्षीदार लागतात, निकाह पढवणाऱ्यांची सही लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सर्व धर्मांच्या विवाहांची नोंद सक्तीची करा असे राज्यांना सांगितले. तरी आपण नोंदीला तेव्हाच जातो जेव्हा पासपोर्ट किंवा व्हिसा अडतो, आणि मग घाईत जे नाव सुचेल ते सांगून येतो. निकाहाच्या आठवड्यातच, पासपोर्टची प्रत हातात धरून ही नोंद करावी. काझी साहेबांनाही तीच प्रत आधी द्यावी. ते नाराज होत नाहीत, उलट त्यांना सोपे जाते.

पत्नीला परदेशी नेताना कागद आड येणे ही आजची गोष्ट नाही. १९१३ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत न्यायमूर्ती सर्ल यांच्यापुढे हसन इसप यांच्या पत्नी बाई मरियम यांचा खटला आला होता. निकाह खरा, नाते खरे. पण ज्या पद्धतीत एकाहून अधिक विवाहांना परवानगी आहे त्या पद्धतीने झालेला विवाह तेथील कायदा मानत नाही, असे म्हणून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्या एका निकालाने तेथील हिंदू, मुसलमान, पारशी सर्वांचेच संसार कायद्याच्या नजरेत बेकायदा ठरण्याची पाळी आली. कस्तुरबांसह स्त्रियाही सत्याग्रहात उतरल्या, आणि १९१४ च्या कायद्याने हा प्रश्न सुटला. मरियमबाईंच्या कागदात चूक नव्हती, कायद्यातच अन्याय होता. आपल्या वाट्याला तसे दुःख नाही. आपल्याला फक्त अक्षरे जुळवायची आहेत.

नावाचा आणखी एक प्रकार सांगितला पाहिजे. आपल्या अनेक बायकांच्या पासपोर्टवर एकच शब्द असतो, आडनावाची जागा कोरी. २१ नोव्हेंबर २०२२ रोजी अमिरातीने कळवले की, पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असणाऱ्याला भेटीच्या आणि तशा तात्पुरत्या व्हिसावर प्रवेश मिळणार नाही. ज्यांच्याकडे तेथील निवासाचे कार्ड होते त्यांना तो नियम नव्हता, आणि पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर सवलत मिळाली. अमेरिकेत ह्याहून वेगळाच गोंधळ होतो. एकच नाव असेल तर ते आडनावाच्या रकान्यात जाते आणि नावाच्या रकान्यात एफ-एन-यू ही अक्षरे छापली जातात, म्हणजे 'नाव माहीत नाही'. पुढे बँकेत, दवाखान्यात त्या बाईला लोक त्याच तीन अक्षरांनी हाक मारू लागतात. ही व्हिसाची चूक समजून वकिलातीला लिहिण्यात अर्थ नाही, कारण त्यांनी पासपोर्टप्रमाणेच छापले आहे. आधी पासपोर्टमध्ये नाव आणि आडनाव नीट घालून घ्यावे लागते. पासपोर्टमध्ये पेनाने दुरुस्ती होत नाही, त्यासाठी पुन्हा अर्ज करून नवीन पुस्तिका घ्यावी लागते. निकाहानंतर आडनाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचे असेल तर व्हिसाच्या आधी, नसेल तर मुळीच नाही. अर्ज अर्ध्यावर असताना बदलू नये.

अमेरिकेस पतीच्या नोकरीच्या व्हिसामागे जाणाऱ्या बायकांना एच-४ मिळतो. त्यांनी एक तारीख विशेष सांभाळावी. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसाची मुदत ही दारात शिरण्याची मुदत असते. आत किती दिवस राहायचे ते विमानतळावर ठरते आणि आय-९४ नावाच्या नोंदीत येते, जी नंतर संगणकावर पाहता येते. पत्नीचा पासपोर्ट लवकर संपणार असेल तर अधिकारी तिला तेवढ्याच तारखेपर्यंत मुदत देतो. पतीला तीन वर्षे, तिला दहा महिने. दोघेही समजतात की मुदत एकच आहे, आणि ती नकळत बेकायदा होऊन बसते. उतरल्यावर त्याच आठवड्यात दोघांच्या नोंदी पाहाव्यात. अधिकाऱ्याच्या हातून चूक झाली असेल तर त्या देशाच्या सीमा खात्याचे दुरुस्तीसाठी वेगळे कार्यालय असते, तेथे कागद घेऊन जावे. पासपोर्टमुळे मुदत कमी मिळाली असेल तर ती चूक नव्हे. पासपोर्ट नवा करून मुदत वाढवण्याचा रीतसर अर्ज करावा लागतो. जाण्यापूर्वीच पासपोर्ट नवा केला तर हा सगळा उपद्व्याप टळतो.

इंग्लंडला जाणाऱ्यांच्या निवासाच्या कार्डांची मुदत २०२४ च्या डिसेंबरअखेर संपवण्यात आली आणि नोंद संगणकावर गेली. तिथली चूकही संगणकावरूनच कळवायची असते. पत्नीचे खाते पतीच्या मोबाईलवर, पतीच्याच ईमेलने उघडतात. ते तिच्या स्वतःच्या नावाने आणि नंबराने उघडावे, म्हणजे चूक आधी तिला दिसेल.

आमची सून जानेवारीत दुबईला पोहोचली. जाण्याआधी तिने सर्व कागदांच्या तीन-तीन प्रती काढल्या. एक संच स्वतःकडे ठेवला, एक माहेरी दिला आणि एक आमच्या दुकानाच्या गल्ल्याखालच्या कप्प्यात ठेवला. वरच्या पानावर तिने सर्व तारखा स्वतःच्या हाताने लिहून ठेवल्या आहेत, महिना अक्षरी. २०२५ साली तिला मुलगी झाली. बाळाच्या पासपोर्टच्या अर्जाचा तपशील मुलाने आम्हाला दुकानात पाठवला, तेव्हा आम्ही चष्मा लावून तो पानाशेजारी ठेवला आणि शेजारच्या दुकानदाराला म्हटले, "तुम्ही वाचा, आम्ही बोट ठेवतो."